रेयरची खाडी

माझ्या मुलाचं नाव नकाशावर मीच लिहिलं. दुसरं कोण लिहिणार? मैंडर्ट मास्तरांच्या कारखान्यात अक्षरं लिहायचं काम माझ्याकडे आहे. आधी ते माझ्या नवऱ्याकडे होतं. त्याचे डोळे गेले तेव्हा मेजाशी बसायचा तो आणि लिहायचे मी. अख्ख्या एडाम गावाला ते माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तो वारला तेव्हा मास्तरांनी त्याची खुर्ची बाजूला केली आणि माझी पुढे ओढली. तेवढाच काय तो समारंभ झाला.

आमच्याकडे लांबच्या किनाऱ्यांचे नकाशे होतात, हाताने काढलेले, वासराच्या कातड्यावर. मधल्या मोठ्या मेजावर कित्ता पसरलेला असतो, म्हणजे ज्यावरून बाकी सगळे उतरवायचे तो नकाशा. आमच्याकडचा योस्ट कित्त्यावरून एक कागद बनवतो आणि त्यावर किनाऱ्याच्या रेघेने सुईची भोकं पाडतो. तो कागद नव्या कातड्यावर ठेवून वरून काजळीची पुरचुंडी आपटली, की खाली ठिपक्यांचा किनारा उमटतो. योस्ट ठिपके शाईने जोडतो, मग वाऱ्यांच्या रेघा ओढतो. मोठे वारे काळे, अर्धे हिरवे, पाव तांबडे. त्यानंतर कातडं माझ्याकडे येतं. नावं समुद्रात लिहायची नसतात, समुद्र जहाजांसाठी मोकळा ठेवायचा. नावं जमिनीच्या बाजूला, किनाऱ्याला आडवी. त्यामुळे किनारा वळेल तसं कातडं फिरवत बसावं लागतं. तीस वर्षं मी कातडी फिरवते आहे आणि स्वतः शेजारच्या होर्न गावाच्या पलीकडे गेलेली नाही. होर्नलाही गेले ती एका लग्नाला.

रेयर ‘पांढरं अस्वल’ या जहाजावर दुय्यम सुकाण्या होता. जहाज जावाच्या वाटेवर फार दक्षिणेला भरकटलं, तिथल्या त्या वाळूच्या, ओसाड भूमीला लागलं. हिरड्या सुजण्याचा रोग निम्म्या माणसांना झाला होता, तोच त्याला झाला. पाण्यासाठी नांगर टाकला त्या दिवशी तो गेला आणि त्याला किनाऱ्यावर पुरलं. अशा ठिकाणी माणूस पुरला की जहाजावरचे लोक त्या जागेला त्याचं नाव देतात, ही जुनी रीत आहे. लाकडी खूण पहिल्या वादळात वाहून जाते. नाव नकाशावर राहतं.

जहाजाची रोजनिशी परत आली तेव्हा निम्मी भिजून लगदा झाली होती. जे वाचता आलं त्यात जागेचं माप होतं, नाव होतं, आणि पुढे ‘गोड पाणी’ असं लिहिलं होतं. मास्तरांनी ते वाचलं आणि म्हणाले, हिलेगोंड, हे एक नाव योस्टला लिहू दे. योस्टचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. मी म्हटलं, द्या इकडे. मी पेन तासलं, शाई ढवळली, कातडं फिरवलं आणि लिहिलं. रेयरची खाडी. गोड पाणी. एक डाग पडला नाही. इतकं सुबक अक्षर माझ्या हातून फार कमी वेळा उतरलं आहे.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. धर्मगुरू म्हणाले, देवाने तुला बळ दिलं. बळ कसलं? पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो आणि तरी आपण त्यावर चालतो, तसं होतं ते. चर्चमधल्या बायका माझ्याकडे टक लावून बघायच्या, छप्पर कुठून गळतंय ते बघावं तशा. त्यांची निराशा झाली. मलाही स्वतःची जरा लाजच वाटत होती, पण रडू आणू कुठून?

त्यानंतर दोन वर्षांत कित्त्यावरून चौदा प्रती निघाल्या. चौदा वेळा मी त्याचं नाव लिहिलं. नवऱ्याचा दगड चर्चच्या फरशीत आहे, रविवारी लोक त्यावरून चालत जातात. रेयरचं जगात एवढंच होतं, दोन बोटं लांबीचं काळं नाव. पण ते जावाच्या वाटेवरच्या जहाजांत होतं, आणि तहानलेली माणसं ते शोधायची. हे मला बरं वाटायचं, असं म्हणवत नाही. पण ते पुसलं जाऊ नये, एवढं मात्र मला हवं होतं. दुसरं काही हवंसं वाटायचंच नाही.

*

मार्चमध्ये कालव्यांतला बर्फ नुकताच फुटला होता, तेव्हा ‘तीन राजे’ जहाजाचा सुकाण्या सिब्रांट कारखान्यात आला. प्रत्येक जहाजाने नकाशा परत आणून द्यायचा असा नियम आहे, सोबत रोजनिशी. त्याचे पुढचे दात गेले होते. त्याला बस म्हटलं तरी तो बसेना. त्याने नकाशा उलगडला आणि त्यावर बोट आपटलं.

“ही रेयरची खाडी तुम्ही कुठून आणलीत, मास्तर?”

“पांढऱ्या अस्वलाच्या रोजनिशीतून.”

“तिथे खाडीबिडी नाही. तिथे सरळ कडा आहे, भिंतीसारखा, आणि खाली लाटा फुटतात. आमची पिंपं तळाला गेली होती. तुमच्या कातड्यावर गोड पाणी लिहिलंय म्हणून दोन दिवस त्या कड्याला नाक घासत फिरलो. तीन माणसं तहानेने गेली माझी. तिसरा तर ‘दिसली, दिसली’ म्हणतच गेला.”

मग तो हळू आवाजात पुढचं सांगू लागला. त्या कड्यापासून पूर्वेला साठ मैलांवर त्यांना एक खाडी सापडली, आत झरा होता. कप्तानाने तिला जहाजांच्या धन्याच्या सासऱ्याचं नाव दिलं, बाउडवैनची खाडी. हा बाउडवैन म्हणजे ज्याला होर्नच्या कालव्यातसुद्धा मळमळतं.

योस्टच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, “मेलेल्याची खाडी आहे, भरतीबरोबर सरकली असेल पुढे.” मग त्याच्या लक्षात आलं आणि तो काजळीच्या डब्यात तोंड घालून बसला. सिब्रांटने आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मास्तरांनी मानेने माझ्याकडे खूण केली आणि म्हणाले, ही रेयरची आई.

सिब्रांटने टोपी काढली. “मला ठाऊक नव्हतं, बाई.”

“टोपी घाल,” मी म्हटलं. “दार उघडं आहे.”

आता कारखान्याचा कायदा असा आहे, की एकाने शपथेवर पाहिलेलं पुसायचं तर दोघांची साक्ष लागते. न दिसणं ही साक्ष धरत नाहीत. धुक्यात आपल्या चर्चचा मनोराही दिसत नाही, म्हणून तो पाडला असं होत नाही. मास्तरांनी सिब्रांटला हे समजावलं. म्हणाले, तुझी खाडी घेतो आणि रेयरचीही ठेवतो, किनारा लांब आहे, दोन खाड्या असू शकतात. सिब्रांट नाही नाही अशी मान हलवत राहिला. मग त्याने रोजनिशीतून एक पान काढून मेजावर ठेवलं. समुद्रावरून ती खाडी कशी दिसते त्याचं चित्र, सुकाणे काढतात तसं.

मी माझ्या खुर्चीतून ते पाहिलं. समोर तीन खडक, मधला पक्ष्यांच्या घाणीने पांढरा. मागे दोन गोल टेकड्या. त्यांच्या मध्ये एक सपाट माथ्याचा डोंगर, आणि त्याला डावीकडे खाच, कुणी चावा घेतल्यासारखी.

तो डोंगर मी रोज पाहायचे. तो माझ्या घरी होता.

मी मिठाची गुळणी धरून बसले. सिब्रांट गेला. मास्तरांनी कित्त्यावर बाउडवैनची जागा मापून पेन्सिलीची खूण केली आणि म्हणाले, उद्या लिही. मी हो म्हटलं.

*

आमच्या घरात भिंतीतल्या कपाटात पलंग आहे, सगळ्यांच्या घरात असतो तसा. त्याच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद खळीने चिकटवला होता. पांढऱ्या अस्वलाचा आचारी रेयरचं गाठोडं घेऊन आला होता, त्यात दोन शर्ट होते, एक चमचा होता आणि हा कागद. रेयरला नीट उभंही राहता येत नव्हतं, तरी मला डेकवर घेऊन चला म्हणाला आणि दोरांच्या वेटोळ्याला टेकून त्याने हे काढलं, असं आचाऱ्याने सांगितलं. तीन खडक, मधला पांढरा सोडलेला. दोन गोल टेकड्या. सपाट डोंगर आणि त्याची खाच. खाली कापऱ्या अक्षरात ‘गोड पाणी’. माझ्याच मुलाचं अक्षर, मी शिकवूनही त्याची ओळ कधी सरळ झाली नाही.

म्हणजे खाडी एकच होती आणि आम्ही ती दोनदा काढणार होतो. हे कसं झालं, ते मला कुणी सांगायला नको. उत्तर-दक्षिण किती आलो ते सूर्य सांगतो. पूर्व-पश्चिम कुणीच सांगत नाही. जहाजाच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, लाकडाची ढलपी पाण्यात टाकायची, ती मागे जायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून दिवसाची चाल धरायची. त्यासाठी वाळूचं घड्याळ उलटायला कुणीतरी शुद्धीवर असावं लागतं. पांढऱ्या अस्वलावर शेवटपर्यंत हिशोब कोण ठेवत होतं, तेही आचाऱ्याने मला कौतुकाने सांगितलं होतं. रेयर. तापात किती घड्याळं उलटायची राहून गेली, त्याचं त्यालाही कळलं नसेल. साठ मैलांची चूक त्याचीच होती. आणि ती कित्त्यावर चढवली मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तीन माणसं मेली होती. मी त्या तिघांसाठी काही वाटतंय का ते पाहिलं. काही वाटलं नाही.

संध्याकाळी शेजारची वेंडेल ताकातली जवाची पेज घेऊन आली. ती रोज येते. मी एकटीसाठी चूल पेटवत नाही, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. माझ्या पायाखालची शेगडी स्वतःच्या पायाखाली ओढून ती बसली. तिचा तैमन मागच्या शरद ऋतूत ‘बगळा’ जहाजावर गेला. रेयरपेक्षा चार वर्षांनी लहान. दोघांची नाकं मी एकाच फडक्याने पुसली आहेत.

ती म्हणाली, “मला रात्री झोप लागत नाही ना, तेव्हा मी तुझा रेयर आठवते.”

“तो कशाला?”

“अगं, तैमनच्या जहाजावर तुझ्याच हातचा नकाशा आहे. जाताना त्याने मला दाखवला. म्हणाला, आई, पाणी संपलं तर घाबरू नको, रेयर कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे.” ती जराशी हसली. “माझं पोर परक्या मुलुखात, पण ओळखीचं माणूस आहे तिथे, असं वाटतं बघ.”

मी पेज खाल्ली. ती गेल्यावर बराच वेळ मी रिकामा वाडगा मांडीवर घेऊन बसले. मी गप्प राहिले तर नाव राहणार होतं. कुणालाही कधी कळलं नसतं. पलंगाच्या दाराच्या आत काय चिकटवलंय, ते बघायला कोण येणार? बगळा जहाज तर गेलेलं होतं, तैमनला आता मी काय वाचवणार होते? पण कारखान्याच्या पेटीत तीन प्रती तयार होत्या, एप्रिलमध्ये निघणाऱ्या जहाजांसाठी. त्यांवरही कुणाचे तरी तैमन असणार.

मला उगाच कुणी चांगलं म्हणू नये. माझं मन द्रवलं वगैरे काही झालं नाही. नकाशा चुकीचा होता आणि मला ते माहीत होतं. तीस वर्षांची सवय मला दुसरं काही करू देईना, एवढंच. मी सुरी घेतली आणि दारावरचा कागद कडेकडेने सोडवला.

*

सकाळी मी तो मास्तरांपुढे ठेवला, सिब्रांटच्या पानाशेजारी. मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. योस्ट मागून डोकावून पाहत होता.

मास्तर म्हणाले, “हे तू दाखवलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“माहीत आहे.”

“घरी घेऊन जा. मी पाहिलंच नाही, असं समज.”

“मग चौथा माणूस कोण, ते तुम्ही सांगा, मास्तर. तुम्ही सांगाल त्याच्या आईला मी कळवते.”

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. ते स्टुलावर बसले. दुसरी साक्ष मिळाली होती आणि ती माझ्या मुलाची होती.

पण ते वाईट नाहीत. म्हणाले, खाडी एकच असेल तर आधी पाहिली रेयरने, तेव्हा नाव त्याचं लागायला हवं. तसं त्यांनी धन्यांना पत्र लिहिलं आणि मला वाचूनही दाखवलं. आठवड्याने उत्तर आलं. सासरेबुवांना खाडीचं कळवून झालं होतं, त्यांनी मेजवानीही देऊन टाकली होती. आता नाव फिरवणं बरं दिसणार नाही. मात्र मृत सुकाण्याच्या आईला धन्यांनी सहानुभूती कळवली होती. मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

योस्ट माझ्या मेजाशी आला. हातातलं फडकं पिळत होता.

“मावशी, मी एक करतो. त्या सपाट डोंगरावर मुंगीएवढं लिहितो. रेयर. कुणाला दिसणार नाही.”

“दिसणार नाही तर लिहायचं कशाला?”

“तुला माहीत असेल.”

“मला आताही माहीत आहे,” मी म्हटलं. “कित्त्यावर जास्तीचं काही चालत नाही. जा, तुझी काजळी बघ.”

खरवडायला मीच बसले. मास्तर नको म्हणत होते. पण लिहिलं होतं मी. शाई कातड्यात किती खोल गेली आहे, ते लिहिणाऱ्यालाच कळतं. सुरी आडवी धरायची आणि फक्त वरची साय निघेल इतकीच दाबायची. मग वजरीच्या खरबरीत दगडाने घासायचं, खडूची पूड चोळायची, आणि शेवटी कुत्र्याच्या दाताने घोटायचं, म्हणजे कातडं पुन्हा गुळगुळीत होतं. मी शेवटाकडून सुरुवात केली. आधी पाणी गेलं, मग गोड, मग खाडी. त्याच्या नावाला वेळ लागला, कारण ते मी फार घट्ट लिहिलं होतं. भुकटी फुंकायची नसते, थुंकी उडते, म्हणून ती पिसाने झटकून फरशीवर पाडली. योस्टने तिथली किनाऱ्याची रेघ सरळ केली, कडा दाखवला आणि लाटा फुटण्याच्या खुणा घातल्या. हिरवी वाऱ्याची रेघ जरा पुसट झाली होती, ती त्याने नव्याने ओढली. मग मी साठ मैल पूर्वेला बाउडवैनची खाडी लिहिली, गोड पाणी लिहिलं, आणि तेही चांगलंच उतरलं.

*

चौदा प्रतींपैकी सिब्रांटची एक आणि पेटीतल्या तीन मी त्याच आठवड्यात दुरुस्त केल्या. उरलेल्या दहा समुद्रावर होत्या. मास्तरांनी निघणाऱ्या जहाजांबरोबर जावाला पत्रं पाठवली, पण पत्र जहाजाला गाठेलच याची खात्री कोण देणार? नियम साधा होता. जहाज परत आलं की नकाशा परत येणार, आणि तो माझ्या मेजावर येणार.

ते येत राहिले. त्या उन्हाळ्यात दोन आले, हिवाळ्याच्या तोंडावर एक, पुढच्या वर्षी आणखी चार. कातड्यांना मिठाचा, दालचिनीचा आणि कुबट वास यायचा. एकावर बियरचा गोल डाग होता, बरोबर रेयरवर पेला ठेवल्याचा. एकावर कुणीतरी खाडीशी बोट ठेवून ठेवून शाई फिकी केली होती, तिथे खरवडायला फारसं उरलंच नव्हतं. दरवेळी सुरी, वजरी, खडू, दात. सात वेळा. मला काही वाटायचं नाही, फक्त त्या दिवशी जेवण जायचं नाही.

दोन जहाजं आली नाहीत. एक आफ्रिकेच्या केपजवळ आगीत गेलं, दुसऱ्याचं काय झालं ते कळलंच नाही. चर्चमध्ये नावं वाचली गेली, बायका रडल्या. मी मान खाली घालून बसले होते आणि माझ्या मनात आलं, आगीतल्या त्या नकाशाचं कातडं गेलं असेल, पण दुसऱ्यावर रेयर अजून आहे. बुडालेल्या जहाजाच्या पेटीत, जिथे कुठे असेल तिथे, माझं अक्षर आहे आणि ते कुणी माझ्यासमोर आणून ठेवणार नाही. हे देवाच्या घरात बसून मी मोजत होते. मग सगळे उठले तशी मीही उठले.

शेवटी बगळा राहिला. त्याच्याबरोबर निघालेली जहाजं उन्हाळ्यात आली, हा आला नाही. वेंडेल आधी रोज विचारायची, मग विचारायचं तिने सोडलं. पेज आणणंही बंद झालं. आता मीच तिच्याकडे हेरिंग मासा आणि राय धान्याचा पाव घेऊन जायचे. ती खिडकीत बसलेली असायची, चूल विझलेली. मी म्हणायचे, वारे उशिरा फिरलेत यंदा, जहाजं जावालाच अडकलीत. तीस वर्षं वाऱ्यांच्या रेघांत बसलेल्या बाईचा शब्द, म्हणून ती मान हलवायची. मी तिचे हात चोळायचे, ते बर्फासारखे गार असायचे. ती बारीक झाली होती. मला तिची काळजी करायची होती, आणि काळजी करणारी बाई जे जे करते ते सगळं मी करत होते.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी मेजाशी होते. बाहेर विटांच्या रस्त्यावर एका पायाच्या लाकडी बुटाचा आवाज आला, टक, मग काही नाही, टक, मग काही नाही. दार आपटलं. वेंडेल आत आली. तिचा एक बूट वाटेत कुठेतरी पडला होता आणि मोजा चिखलाने भरला होता. तिने मला खुर्चीतून उठवलं. बगळा टेक्सेलच्या बंदराला लागला होता. शीड फाटलेलं, निम्मे खलाशी आजारी, पण लागला होता. होडीवाल्याने यादी आणली होती आणि यादीत तैमन होता, जिवंत, स्वतःच्या पायांवर.

मास्तर उभे राहिले. योस्टने काजळीच्या हातांनी टोपी हवेत फेकली. वेंडेल माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती, तिचे केस माझ्या तोंडात जात होते, आणि तिच्या खांद्यावरून मला समोरची भिंत दिसत होती. तिथे परत आलेले नकाशे अडकवायचा खिळा आहे, आणि बगळ्यावरचाही आता तिथेच येणार होता.

तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं. जवळजवळ चार वर्षांनी. गरम होतं ते, आणि वर वर चढत गेलं. आधी मला वाटलं आनंदच आहे, वेंडेलचा आनंद मला लागला असेल. मी तो ओळखायचा प्रयत्न केला. मग तो मला अगदी शब्दांनिशी कळला. बुडायला हवं होतं. हे तरी बुडायला हवं होतं, सगळ्यांसकट.

माझे डोळे वाहायला लागले. थांबवता येईनात. माझे खांदे हलू लागले तशी वेंडेल मागे सरली, तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि स्वतःच्या ओल्या बाहीने माझे गाल पुसू लागली.

“रडतेस तू, हिले,” ती म्हणाली. “केवढा गं जीव तुझा माझ्या तैमनवर.”

मी नाही म्हटलं नाही.